किल्ल्यातली बाग, अंगणातलं गवत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, नगरचा किल्ला म्हणजे मुळात एक बाग होती. शाळेतल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. एवढा खंदक, एवढे बुरूज, आणि म्हणे बाग! पण इतिहास तसाच आहे. २८ मे १४९० या दिवशी मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळच्या माळावर बहामनी फौजेचा पराभव केला. त्या जागी त्याने वाडा बांधला, भोवती बाग लावली आणि तिला नाव दिलं ‘बाग निजाम’. त्या विजयालाही पुढे ‘बागेचा विजय’ असंच म्हणू लागले. रणांगणाला बागेचं नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, शेजारी शहर वसायला लागलं. बागेभोवती आधी मातीची भिंत होती. हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत, १५५९ पासून, तिथे दगडी तट चढला. म्हणजे बाग आधी आणि किल्ला नंतर. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण माझ्या वयाची माणसं आपसात बोलताना नुसतं ‘नगर’ म्हणतात. मीही इथे तेच म्हणतो.)

आज मला बोलायचंय ते त्या बागेच्याही आधी त्या माळावर जे होतं त्याच्याबद्दल. गवताबद्दल. भिंगारच्या आसपासची जमीन उथळ, वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाऊस बेताचाच. अशा जागी झाड धरायला वर्षं लागतात, गवत मात्र पहिल्या दोन पावसांत उठतं. निजामशहाच्या माळ्यांनी कुदळ मारली तेव्हा सगळ्यांत आधी गवतच उपटलं असणार. बाग लावायची म्हणजे गवत काढायचं, हा जगभरच्या माळ्यांचा पहिला धडा.

उर्दू-फारसी शायरीत हिरवळीला ‘सब्जा’ म्हणतात. आपल्याकडे सब्जा म्हटलं की फालुद्यातलं काळं बी डोळ्यांपुढे येतं, ते वेगळं. शायरांचा सब्जा म्हणजे कोवळं गवत. नदीकाठचं, भिंतीच्या फटीतलं, कबरीवरचं. तरुण मुलाच्या ओठांवर फुटलेली मिसरूडही सब्जाच. पण बागेत कुणी न लावता उगवलेल्या गवताला त्या शायरीत वेगळं नाव आहे, ‘सब्जा-ए-बेगाना’. परकं गवत. गुलाबाच्या वाफ्यात न बोलावता आलेलं, माळ्याच्या हाताने उपटलं जाणार हे ठरलेलं. बी.ए.ला असताना हा शब्द पहिल्यांदा वाचला आणि तो मनात रुतून बसला. पुढे एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘मराठीच्या अंगणात आलेले पाहुणे कवी’ अशी मोठ्या प्रेमाने करून दिली, तेव्हा तोच शब्द पुन्हा आठवला. आमच्या पाच पिढ्या नगरच्या मातीत आहेत. असो. त्या गृहस्थांचा हेतू चांगलाच होता.

गवताची माझी खरी ओळख शायरीतून झाली नाही, दादांमुळे झाली. आमच्या घरात आजोबांना दादा म्हणतात. दादा घसियारे होते. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला, आणि पुढे भिंगारला इंग्रजांची छावणी बसली. तिला नगरकर आजही ‘कॅम्प’ म्हणतात. छावणी म्हणजे घोडे, आणि घोडे म्हणजे रोजचं गवत. जुन्या शिलेदारी रिसाल्यांत दोन स्वारांमागे एक तट्टू आणि एक गवतकाप्या असा हिशेब असे. हा माणूस पहाटे माळावर जायचा, खुरप्याने जमिनीशी घासून गवत काढायचा, माती झटकायचा, भारा बांधून छावणीत आणायचा. लढायांच्या इतिहासात स्वारांची नावं सापडतात, घोड्यांचीसुद्धा सापडतात. घसियाऱ्याचं सापडत नाही.

दादांच्या तरुणपणीच घोड्यांचे दिवस सरत आले होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रिसाल्यांमध्ये यंत्रं शिरली आणि १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल नगरला आलं. ‘रणगाडा गवत खात नाही,’ एवढंच दादा म्हणायचे. त्या एका वाक्यात त्यांच्या धंद्याचा सगळा इतिहास होता. त्यानंतर ते टांगेवाल्यांना आणि म्हशीवाल्यांना पेंढ्या विकायचे. १९८४ मध्ये ते गेले. त्याआधीची काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर माळावर जायचो.

आपण ज्याला नुसतं ‘गवत’ म्हणतो त्यात दादांना दहा-बारा जणांची तरी घराणी दिसायची. पवन्या वेगळा, मारवेल वेगळं, कुसळी वेगळी, शेडा वेगळा. मारवेल ओळखायची तर कांडीच्या पेराकडे बघ, म्हणायचे. पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं, आणि कणीस बोटं फाकल्यासारखं, जांभळट झाक असलेलं. घोडा मारवेलीवर जीव टाकतो. पवन्याचं कणीस बारीक आणि लांब. वारा नसला तरी ते हलतंच, म्हणून त्याला पवन्या म्हणत असावेत, असा माझा आपला बालपणीचा तर्क. लव्हाळ्याला ते गवत मानायचेच नाहीत. ‘याची दांडी तिधारी, हे गवताच्या जातीचं नाही.’ पुढे कळलं की वनस्पतिशास्त्रही हेच म्हणतं. तुकोबांमुळे घराघरांत पोचलेली लव्हाळी शास्त्राच्या वहीत वेगळ्याच कुळात आहे.

आणि कुसळी. कुसळ हा शब्द शहरातल्या माणसाला डोळ्यातल्या कुसळाच्या म्हणीतून तेवढा माहीत असतो. खरं कुसळ म्हणजे या गवताच्या बियांना असलेली लांब, पीळ पडलेली, टोकदार शेपटी. पिकली की कणसातल्या सगळ्या शेपट्या एकमेकींत गुंतून काळपट वेणी होते. दादा एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवायचे आणि त्यावर थुंकीचा थेंब सोडायचे. कुसळ फिरायला लागायचं! ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो. या फिरण्यातून बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं गाडून घेतं. मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीतही गाडून घेतं, म्हणून धनगर त्याला शिव्या देतात. फुलोऱ्याआधी कापली तर कुसळी उत्तम वैरण, फुलोऱ्यानंतर तीच काटा. दादांच्या धोतराला आयुष्यभर ती कुसळं टोचत राहिली.

बागा मात्र वेगळ्याच जगातल्या. निजामशाहीने नगरभोवती बागांची मोठी हौस केली. उत्तरेला हश्त बिहिश्त, ज्याला लोक बेहस्ती बाग म्हणतात, आणि आग्नेयेला १५८३ मध्ये पुरा झालेला फराह बाग. दोन्हीकडे तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल. शेंडी, वडगाव, कापूरवाडी अशा ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी खेळवलेलं. दुष्काळी मुलखात असं पाणी आणणं ही त्या काळातली केवढी कारागिरी! आज फराह बागेत जाऊन उभं राहा. तळं कोरडं, महालाचा चुना गळालेला, आणि दिवाळीच्या सुमारास तळ्याच्या सबंध तळात गवत डोलत असतं. तिथून जवळच रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. पाहुणे आले की मी त्यांना आधी रणगाडे दाखवतो, मग तिथे नेतो. दादांचं वाक्य सांगायला बरं पडतं.

आता पुन्हा किल्ल्याकडे. ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’चा ठराव झाला, आणि ९ तारखेच्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून खास गाडीने नगरला आणलं. किल्ल्यात कार्यकारिणीचे बारा जण होते. मौलाना आझाद, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभी, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब, आणि आपले शंकरराव देव. तटाच्या आत एक आवार, भोवती खोल्या, आणि मधली जमीन रखरखीत. सुरुवातीला बाहेर कुणाला पत्ताही कळू द्यायचा नव्हता.

या माणसांनी तिथे काय केलं? बाग केली. नेहरूंचा ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ त्यांनी किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ते या बागकामाबद्दल सांगतात. भर उन्हातही ते तासन् तास वाफे खणत. माती हलकी, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राड्यारोड्याने भरलेली. खणता खणता कुदळीला जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले, आणि एका जागी भिंतीवर कोरलेलं कमळ निघालं. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना हे उत्खनन अर्थातच पसंत नव्हतं. नेहरूंनी शेवटी कुदळ ठेवून लेखणी घेतली, आणि जमिनीतून वर न आलेला इतिहास कागदावर शोधला.

जरा विचार करा. ज्या जागी १४९० मध्ये बाग निजाम होती, तिथेच साडेचारशे वर्षांनी कैद्यांनी फुलांसाठी माती खणली आणि त्यांना निजामशाही बांधकामाचे अवशेष लागले. किल्ला मध्ये आला आणि गेला, पण जागा आपली सवय विसरली नाही. त्यांच्या कुदळीखाली दादांच्या ओळखीची हरळी आणि मारवेलही निघालीच असणार. तीही फेकलीच असणार.

मौलाना आझादांनी याच किल्ल्यात एका स्नेह्याला, नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानींना, पत्रं लिहिली. ती टपालात टाकायची नव्हतीच. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. मनावर साचलेली धूळ, असा त्या नावाचा साधा अर्थ. मौलाना मोठे रसिक. तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटला त्यांनी चांदबिबीच्या काळातल्या किल्लेदारावरून ‘चीता खान’ असं टोपणनाव दिलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. फुलांच्या वाफ्यांबद्दल आणि बागेत येणाऱ्या बुलबुलांबद्दल, कावळ्यांबद्दल त्यांनी इतकं मन लावून लिहिलंय की आपण एका कैद्याचं लिखाण वाचतोय हे विसरायला होतं.

मग ते विसरू न देणारं पत्र येतं. ९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्याला त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम वारल्या. आधीपासून त्या आजारी होत्या, पण मौलानांनी सरकारकडे सुटकेची विनंती केली नाही. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ते आवारातल्या एका पडक्या कबरीबद्दल लिहितात. कुणाची ती कबर, माहीत नाही. जवळच्या कडुनिंबाच्या फांद्या तिच्यावर सावली धरायला बघतात, पण पोचत नाहीत. इतके महिने ती रोज नजरेसमोर होती. आता मात्र तिच्याविषयी वेगळीच आपुलकी वाटायला लागली आहे, असं ते म्हणतात. हे पान मी विशीत वाचलं होतं तेव्हा मला त्यातली भाषा आवडली होती.

कबरीवरच्या गवताबद्दल दादांचा एक नियम होता. शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानात साफसफाई होते. दादा खुरपं घेऊन यायचे, पण हिरव्या पात्याला हात लावायचे नाहीत. वाळलेलं तेवढं कापायचे. आयुष्यभर गवत कापणाऱ्या माणसाने इथे हात आखडता का घ्यावा, हे मला कळायचं नाही. नंतर कळलं की हदीसमध्ये एक प्रसंग आहे. पैगंबरांनी खजुराची ओली फांदी चिरून तिचे दोन भाग दोन कबरींवर रोवले, जोवर त्या ओल्या आहेत तोवर आतल्यांचा त्रास हलका होईल या आशेने. त्यावरून अनेक जुन्या धर्मपंडितांनी कबरीवरचं हिरवं गवत उपटू नये असं सांगितलं. दिल्लीला निजामुद्दीन दर्ग्यात शहाजादी जहांआराची कबर आहे, १६८१ ची. संगमरवरी जाळीच्या आत, वर छप्पर नाही आणि मधोमध माती. गवत उगवावं म्हणून ती तशी ठेवलेली आहे. बादशहाच्या मुलीने अंगावर मखमल नको, गवत असू दे म्हणावं! बागेत जे परकं, ते कबरीवर सगळ्यांत जवळचं.

आमच्या घराला पुढे दहा बाय पंधराचं अंगण आहे. ते पत्नीच्या ताब्यात असायचं. तिचा मोगरा, जास्वंद, शेवंती, निशिगंध. एकदा मी दादांच्या आठवणीने माळावरून मारवेलीचं एक ठोंब आणून कुंडीत लावलं. ती म्हणाली, ‘क्या जी, घास कू भी कोई कुंडी में लगाता?’ घरात आम्ही दखनी बोलतो. तिने ते उपटलं नाही, पण कुंडी न्हाणीच्या मागे नेऊन ठेवली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती गेली. दफनाला आम्ही चार माणसं होतो, त्या दिवसांत तेवढीच चालत होती. त्या उन्हाळ्यात मी अंगणात पाऊल टाकलं नाही. शेवंती वाळली, मोगरा वाळला. जूनमध्ये पाऊस पडल्यावर दार उघडलं तर न्हाणीमागच्या कुंडीतलं मारवेल आधी बाहेर आलं होतं, बी उडून निशिगंधाच्या वाफ्यातही पोचलं होतं. उपटायला मी वाकलो, आणि तसाच उभा राहिलो.

तिथून माझी गवताची बाग सुरू झाली. कुणाला करायची असेल तर चार गोष्टी सांगतो. मृगाच्या पावसात ठोंब फोडून लावा, किंवा दिवाळीनंतर पिकलेलं बी गोळा करून ठेवा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर पेरा. रस्त्याच्या कडेची, पडीक आवारातली ठोंबं घ्या. राखीव कुरणातून काही आणू नका. मातीत अर्धा मुरूम असू द्या. शेणखत ओतलं की गवत माजतं आणि लोळतं. मारवेल, पवन्या कुंडीतही होतात. कुसळी वाटेपासून दूर लावा, नाहीतर पाहुणे पायजम्याला कुसळं घेऊन जातील. वाळ्याला खोल जागा लागते, त्याची मुळं पुरुषभर सहज जातात. ती मुळं माठात टाकली की उन्हाळा सुसह्य होतो, हे मी नव्याने सांगायला नको. गवती चहा तर सगळ्यांकडे असतोच. फक्त तो चहासाठी परसात न लावता दाराशी, शेवंतीच्या मागे लावून बघा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाळलं म्हणून लगेच कापू नका. मार्गशीर्षातल्या तिरप्या उन्हात वाळलेल्या कणसांचा जो रंग होतो, तो ताज्या फुलाला नसतो. मे अखेरीस चार बोटं ठेवून कापलं की झालं. हरळीला मी मुद्दाम जागा ठेवली आहे. गणपतीच्या दिवसांत आळीतली पोरं सकाळीच येऊन दूर्वा खुडून नेतात, जुड्या माझ्याच पायरीवर बसून बांधतात.

ही हौस माझी एकट्याची नाही, आणि नवीही नाही. आपल्या गवतांची नीट ओळख करून देणाऱ्यांत एक जोडपं होतं. मूळचे गोव्याचे डॉ. जोसे कामिलो लिस्बोआ आणि त्यांच्या पत्नी. १८८९ मध्ये सौ. लिस्बोआ यांनी बाँबे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात एका सुगंधी गवताचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आजही त्या जातीच्या शास्त्रीय नावामागे ‘लिस्बोआ’ येतं, ते नवऱ्याचं नव्हे, त्यांचं. डॉक्टरांची मुंबई इलाख्यातल्या गवतांची यादी आली १८९६ मध्ये. पुढे झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मकॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा मोठा ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. तोवर फादर हयात नव्हते. तिकडे युरोपात १८४० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून डब्लिनच्या वनस्पती उद्यानात पंपास गवताचं बी पोचलं आणि श्रीमंतांच्या हिरवळीवर त्याचे पांढरे तुरे मिरवू लागले. जर्मनीत पॉट्सडॅमजवळ कार्ल फर्स्टर नावाच्या रोपवाटिकाकाराने आयुष्यभर गवतांची बाजू लढवली. १९५७ मध्ये त्याने गवतं आणि नेचे यांच्या बागप्रवेशावर पुस्तकच लिहिलं.

आता तेच पंपास आणि जांभळं फाउंटन ग्रास आपल्या रोपवाटिकांत कुंडीला काही शे रुपयांनी मिळतं. लोक हौसेने घेतात. त्याच वेळी अंगणातलं मारवेल खुरप्याने काढून कचऱ्यात टाकतात. विकत घेणाऱ्याला मी हसत नाही, पण एक सांगतो. पंपासने कॅलिफोर्नियात आणि न्यूझीलंडमध्ये, आणि हिरव्या फाउंटन ग्रासने हवाई बेटांवर जो उच्छाद मांडला तो वाचून मग घ्या. हवाईत त्या वाळलेल्या गवतामुळे वणवे वाढले. बेगाना कोण, हे शेवटी जागेवर अवलंबून असतं.

आणि आपला जिल्हा तर गवतावरच जगतो! ज्वारी गवत, बाजरी गवत, ऊसही गवतच. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाने जिल्ह्याचं राजकारणच बदललं. त्या उसात रानगवताचंही रक्त आहे. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी नदीकाठच्या काशगवताशी उसाचा संकर केला, त्यातून १९१८ मध्ये ‘को २०५’ ही जात आली. उसाला तुरा आला की शेतकरी कपाळाला हात लावतो, वजन घटतं म्हणून. मला मात्र एसटीच्या खिडकीतून ते तुऱ्यांचं शेत दिसलं की उतरावंसं वाटतं. हे शेतकऱ्याजवळ बोलण्यासारखं नाही, हे मला कळतं.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलीच्या सुधारित जाती काढल्या आहेत, वैरणीसाठी. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी गावाकडून चराईबंदी पाळून घेतली. २००० साली शंभर टनांच्या आसपास असलेलं गवत चार-पाच वर्षांत सहा हजार टनांवर गेल्याची नोंद आहे. लोकांनी गवत लावलं कमी, येऊ दिलं जास्त. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० चं. तिथले काळवीट गवतावर जगतात. पण सरकारी दप्तरात गवताळ माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच होते. पडीक म्हटलं की कुणीतरी तिथे झाडं लावतं, कुणी प्लॉट पाडतं. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला प्रचंड टापू अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. आज नगरच्या माळावर माळढोक दाखवा, असं कुणी म्हटलं तर कुठे नेणार?

शेवटी एक घरगुती गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कब्रस्तानात तणनाशक फवारायचं ठरत होतं. माणसं मिळत नाहीत, साप निघतात, आणि स्वच्छता हवीच. कारणं खोटी नव्हती. मी बैठकीत उठून दादांचा नियम सांगितला. काही तरुण मंडळी कंटाळली. एक म्हणाला, ‘चाचा, कविता नंतर.’ मग कोपऱ्यातले एक वयोवृद्ध मौलवी म्हणाले की हिरवं उपटू नये हे त्यांनीही आपल्या उस्तादांकडून ऐकलं आहे. तासभर वाद झाला. फवारणी वाटांवर आणि भिंतीकडेने करायची, कबरींच्या ओळींत वर्षातून एकदा वाळलेलं कापायचं, आणि कापायला माणूस मिळाला नाही तर मी जायचं, असं ठरलं.

पहिल्या वर्षी माणूस मिळाला नाही. मी दादांचं खुरपं धार लावून घेतलं आणि गेलो. तिच्या कबरीवर पायथ्याच्या बाजूला मारवेल आलं होतं, जांभळट, पेराशी पांढरं कडं असलेलं. कुसळी शेजारच्या कबरीवर होती. वाळलेली तेवढी कापली. घरी येऊन पायजम्याची कुसळं काढायला संध्याकाळ गेली.